चौघांत एक विमा

परदेशी जायला निघालेला माणूस काय काय विचारतो, ते मी मालवणच्या बंदरावर बसून निम्मं आयुष्य ऐकलं. पगार किती, हा पहिला प्रश्न. थंय मासळी गावता मां, हा दुसरा. मग रजा कधी, तांदूळ उकडा मिळतो का, देऊळ आहे का. एकाने तर तिथलं विहिरीचं पाणी गोडं की मचूळ, हेही विचारलं होतं. पण ‘मी आजारी पडलो तर मला कोण बघणार?’ असं आपणहून विचारणारा मला भेटला नाही. मीच विचारायला लावायचो आणि त्याबद्दल शिव्या खायचो.

शिव्यांचं मला काही नाही. मीही कमी दिल्या नाहीत. पण कट्टा गावापलीकडच्या एका वाडीतली माणसं आजही मला बाजारात बघून रस्ता बदलतात. “ह्या शेटान इम्यात घालून आमच्या झिलांची वाट लावल्यान,” मी विम्याच्या नादी लावून त्यांचे मुलगे बुडवले, असं तिथे सांगतात. ज्यांनी काही पाहिलं नाही अशी पोरंसुद्धा सांगतात. मी गप्प राहिलो, कारण ज्या बाईचं त्यात सर्वांत जास्त गेलं तिने कधी तोंड उघडून मला दोष दिला नाही. पण गप्प राहिलेला माणूस गुन्हेगार ठरतो असं दिसतं. म्हणून जे घडलं ते लिहितो. माझ्याबद्दल वाईट बोलायचं तर निदान खरी हकिगत ऐकून बोला.

आधी धंदा सांगतो. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच होता. मुंबईची बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत जायचे. मी त्या पडावांवर सामान चढवणारा. बोटीत कोण चढतो, कोण नेतो, कोण फसतो, हे बघत बघत शिकलो आणि पुढे मुंबईतल्या कंपन्यांना सुतार, गवंडी, खानसामे, कारकून पुरवायला लागलो. आखातात तेल निघालं होतं. तिथे धक्के, गोदामं, साहेबांचे बंगले बांधायचं काम जोरात होतं. पासपोर्ट, देवीची टोचणी, करारपत्र, बोटीचं तिकीट, सगळं मी बघायचो. पण माझा खरा धंदा घासाघीस. कंपनीचा माणूस पहिला आकडा बोलला की मी उठून चपला घालायचो. दारापर्यंत पोचायच्या आत तो दुसरा आकडा बोलायचा.

आजारपणाचं असं होतं. कंपनीचा स्वतःचा डॉक्टर असायचा, फुकट. सगळ्यांना तोच आवडायचा. पण कंपनीच्या डॉक्टराचं पहिलं काम माणसाला बरं करायचं नसतं. हा माणूस कामाला उपयोगी आहे की नाही, एवढं त्याने सांगायचं असतं. आठवडाभर पडून राहणारा सुतार कंपनीला नको असतो. त्याला ‘नालायक’ असा शेरा मारून पुढच्या बोटीने परत धाडला की काम झालं. दुसरा रस्ता विम्याचा. पगारातून दर महिन्याला थोडी कपात व्हायची, त्या बदल्यात शहरातल्या मोठ्या दवाखान्यात खाट, औषध, लागलं तर ऑपरेशन. वर, माणूस गेलाच तर घरच्यांना काही रक्कम. हा विमा मुंबईतच करारपत्राबरोबर काढावा लागे. एकदा बोट सुटली की नाही.

विम्याची कलमं वाचण्यात मी पुढे वाकबगार झालो, ते ठेचा खाऊन. देवगडकडचा एक खानसामा मी बहरीनला पाठवला. त्याला जुनी अंतर्गळ. त्याने ती लपवली, लंगोट घट्ट आवळून तपासणीतून सुटला. तिथे गेल्यावर ती अडकली, तेव्हा विमेवाले म्हणाले, जुना आजार आम्ही धरत नाही. तेव्हापासून मी माणसाला समोर बसवून लहानपणापासूनचं दुखणंखुपणं वदवून घ्यायचो. एका कारकुनाला बायकोसह आफ्रिकेला जायचं होतं, बायको गरोदर. विमेवाला मुंबईत मला म्हणतो, “बाळंतपण हा आजार नाही.” मी म्हटलं, “मग बाई दवाखान्यात काय सत्यनारायणाला जाते?” त्याच्या टेबलासमोर दुपारपर्यंत बसून राहिलो. शेवटी त्याने बाळंतपण धरलं. मुलगी झाली, कारकुनाने पेढे पाठवले. अशा गोष्टींची मला घमेंड होती, अजून आहे.

आता त्या वाडीची गोष्ट.

एका आखाती बंदरात बांधकाम करणाऱ्या कंपनीला चार चांगले सुतार हवे होते. कट्ट्यापलीकडच्या त्या वाडीत चार घरं, चारही शेतकऱ्यांची, आणि चारही घरांत सुतारकीचा हात. प्रत्येक घरातला एक तरणा गडी तयार झाला. त्यातले दोघे या हकिगतीत महत्त्वाचे. एक गंगाराम, बोलका, हसरा. दुसरा वासुदेव, त्याला वासू म्हणत. कामात सर्वांत बारीक हात त्याचा. एकदा रंधा हातात घेतला की हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. दोघांचीही लग्नं होऊन फार दिवस झाले नव्हते. वाडीच्या वतीने बोलायला यायचे ते वासूचे चुलते, आबा. बापाच्या मागे त्यांनीच त्याला वाढवलेला. धोतर स्वच्छ, बोलणं मऊ, आणि मला आयुष्यात भेटलेल्या घासाघीस करणाऱ्यांत माझ्या तोडीचा हा एकच.

मी विमेवाल्याला चार माणसं एकदम देतो म्हणून कपात कमी करून घेतली होती. आबांना ते कौतुकाने सांगायला गेलो.

“शेटानू,” आबा म्हणाले, “पोरगे अजून बोटीत चढूक नाय. आताच तोंडातसून वायट कित्याक काढतास?”

“मी काढलंय म्हणान कोणाक ताप येवचो नाय, आबानू. आणि नाय काढलंय म्हणान रवाचो नाय.”

आबा सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “चौघांचो नको. एकाचोच काढा. गंगारामाचो.”

“आणि बाकीचे तिघे?”

“त्येंका कंपनीचो डाक्टर आसा मां. फुकट.”

मी तापलो. फुकटचा डॉक्टर म्हणजे काय, ते पुन्हा सगळं सांगितलं. आबा शांतपणे ऐकत होते. गंगाराम तेवढा का, असं विचारलं तर म्हणाले, लहानपणापासून नाजूक आहे. मला गंगाराम घोड्यासारखा दिसत होता. पण गिऱ्हाइकाने ठरवलं की एजंटाने किती ओढायचं? मी विमेवाल्याकडे जाऊन चारचा सौदा एकाचा केला, त्याचं हसू ऐकून घेतलं. चौघे बोटीत बसून गेले.

वर्षभर सगळं ठीक होतं. मग एका सकाळी पोस्टातून माझ्या नावाची तार आली. कंपनीच्या कागदांत घरचा पत्ता म्हणून माझ्या पेढीचा पत्ता असायचा, कारण वाडीपर्यंत तार पोचायला कोण जाणार? इंग्रजी मला कामापुरतं येत होतं. गंगाराम दवाखान्यात तापाने वारला, घरच्यांना कळवावे.

ती तार मी स्वतः घेऊन गेलो. असं काम शिपायावर टाकू नये असं मला वाटायचं. गंगारामची बायको पार्वती खळ्यात भात वाळत घालत होती. मी काय बोललो ते मला आठवत नाही. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या माझ्यासमोर फुटल्या, ते आठवतं. वासूची बायको शेवंती धावत आली आणि तिने पार्वतीला मांडीवर घेतलं. ती तिचे केस सारखे करत होती आणि माझ्याकडे बघत होती. त्या बघण्यात दुःख होतं, पण आपलं माणूस वाचलं, असंही काहीतरी होतं. मला ते तेव्हाही दिसलं. त्याबद्दल तिला कोणी नावं ठेवू नयेत. तिच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

दिवस झाले, पिंड पडले, बाराव्याला मी पंगतीत बसलो. आबा एकाएकी खूप म्हातारे दिसायला लागले होते. मला वाटलं, वाडीतला मुलगा गेला म्हणून. विम्याची रक्कम पार्वतीला मिळवून देण्यासाठी मी मुंबईला कागद पाठवले. तेव्हा मी स्वतःला म्हटलंही, बघ, एकाचा तरी विमा काढला होता ते बरं झालं.

त्यानंतर काही आठवड्यांनी कंपनीचा निरोप आला. वासुदेव आजारी, कामास नालायक, अमुक बोटीने परत पाठवत आहोत. मी शेवंतीला कळवलं. बोटीच्या दिवशी ती आबांबरोबर धक्क्यावर आली. कपाळाला ठसठशीत कुंकू, अंगावर लग्नातलं लुगडं. पदराखाली भाकरीचा तुकडा आणि तांब्यात पाणी, नवऱ्यावरून ओवाळून टाकायला. समुद्रावरून परतलेल्या माणसाची तशी दृष्ट काढतात. आजारी असला तरी घरी येतोय, याचा तिला आनंद लपवता येत नव्हता.

“लय बारीक झालो आसतलो,” ती मला म्हणाली.

“घरची पेज पोटात गेली की बरो जातलो,” मी म्हटलं.

पडाव आला. पुढच्या बाजूला एक माणूस डोक्यावर टॉवेल घेऊन खाली मान घालून बसला होता. पडाव धक्क्याला लागला. तो माणूस उतरला आणि त्याने टॉवेल काढला.

तो गंगाराम होता.

मी आयुष्यात वादळात फुटलेलं गलबत पाहिलंय, वीज पडलेला माणूस पाहिलाय. पण असं काही पाहिलं नव्हतं. या माणसाच्या बाराव्याचं मी जेवलो होतो. माझ्या तोंडच्या शब्दाने याच्या बायकोच्या बांगड्या फुटल्या होत्या. आणि हा दुपारच्या उन्हात, सावलीसकट, माझ्यासमोर उभा होता.

मी पुढे झालो आणि त्याची गचांडी धरली. “शिरा पडली तुझ्या तोंडार. मेल्या, तू जितो कसो?”

मी मागे वळून पाहिलं, तर आबा गंगारामकडे बघतच नव्हते. ते त्याच्या मागे, पडावात बघत होते. उतारू एकेक करून उतरत होते. पडाववाल्याने शेवटची ट्रंक वर दिली आणि पडाव रिकामा झाला. तेव्हा आबा मटकन खाली बसले. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की जे मला माहीत नव्हतं ते त्यांना माहीत होतं.

शेवंती तांब्या धरून उभी होती. “आमचे खंय आसत?” तिने विचारलं.

गंगाराम तिच्या पायांशी वाकला. “वयनी, माझ्या नावार तो गेलो.”

तांब्या तिच्या हातातच राहिला. ती रडली नाही, पडली नाही. तिने फक्त पुन्हा एकदा रिकाम्या पडावाकडे पाहिलं.

धक्क्यावर माणसं जमायला लागली तेव्हा मी तिघांना माझ्या पेढीत नेलं आणि दार लावून घेतलं. गंगारामने जे सांगितलं ते असं.

चौघांत एक विमा, हे वाडीतच ठरलं होतं, बायकांच्या कानावर न घालता. कपात चौघांनी वाटून भरायची. ज्याला बरं नसेल त्याने ‘मी गंगाराम’ म्हणून दवाखान्यात जायचं. विम्याच्या कार्डावर फोटो नसायचा, नाव आणि नंबर तेवढा. तितके दिवस खऱ्या गंगारामने त्या आजारी माणसाच्या नंबरावर काम करायचं. शेकडो मजुरांत मुकादम नंबर बघत असे, तोंड नाही. वर्षभर हे बिनबोभाट चाललं. दोघे जण गंगाराम होऊन बरे होऊन आले होते.

“ह्या कोणाच्या टाळक्यातला?” मी विचारलं.

आबा जमिनीकडे बघत म्हणाले, “चार घरांक आमचा एकच जोत, शेटानू. बैलांची एकच जोडी. आज ह्येचो मळो, फाल्या त्येचो. आजापणज्यापासून तसाच चलता. कोणाचा काय अडूक नाय. माका वाटला, आजाराचाही तसाच.”

मी बोलायला तोंड उघडलं, पण शेवंतीने हात वर केला. ती गंगारामच्या समोर जमिनीवर बसली होती. “ताप इलो तेव्हा लगेच गेले?” तिने विचारलं.

गंगारामने आबांकडे पाहिलं.

“तू बोल.”

“तेव्हा खाट मोकळी नव्हती, वयनी. आमच्यातलो एक हगवणीन थंय होतो. गंगाराम म्हणान. दोन गंगाराम एकदम कसे जातीत? वासू म्हणालो, तो सुटान येवंदे, मगे मी जातंय. कंपनीच्या डाक्टराक दाखवलो असतो तर तेना घराक धाडल्यान असतो. म्हणान थांबलो.”

“कितके दिवस?”

“जास्त झाले.”

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आबांच्या अंगावर धावलो, खोटं सांगत नाही. “नांगरणी थांबता, आबानू. ताप थांबता? बैल मागे-पुढे झाले तर भात उशिरा येता. हयसर माणूस गेलो.” चौघांचा विमा मी घासून घासून किती खाली आणला होता, ते माझ्या तोंडातून बाहेर पडत होतं आणि मला थांबवता येत नव्हतं. म्हातारा नुसता माझ्याकडे बघत राहिला. शेवटी मीच गप्प बसलो.

शेवंती अजून गंगारामकडेच बघत होती. “शेवटाक कोण होता?”

“मी जाय होतंय, सांजवेळी. गंगारामाचो भाऊ म्हणान. ताप डोक्यात गेलो होतो. कायबाय बडबडा. घराचा, तुझा, आंब्याचा. पण नर्स इली आणि नाव काय म्हणान विचारल्यान, की डोळे उघडून सांगा, गंगाराम. तेका भय होता, आपला खरा नाव सांगलंय तर चौघांची नोकरी जायत. माका वळखा नाय होतो शेवटच्या दिवशी. तरी नाव विचारला की गंगाराम. आपला नाव घेतल्यान नाय तेना. मरापर्यंत घेतल्यान नाय.” मग तो म्हणाला, “माझ्या नावाची चिता पेटली, वयनी, आणि मी वासू होवन ती बघत रवलंय.”

त्यानंतर काही दिवस तो वासू म्हणून कामावर जात राहिला. पत्र दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तर बिंग फुटेल म्हणून त्याने घरी कळवलंही नाही. आपल्या घरी आपलं बारावं चाललं असेल या विचाराने त्याचं अन्न तुटलं. शेवटी तो कंपनीच्या डॉक्टराकडे गेला, वासूच्या नंबरावर. ज्या डॉक्टराला चौघे घाबरत होते, त्यानेच तपासून शेरा मारला आणि वासूच्या पासपोर्टवर त्याला परत धाडलं. मुंबईच्या गोदीत फोटो कोणी निरखून पाहिला नाही.

संध्याकाळी आम्ही वाडीवर गेलो. पार्वतीने नवऱ्याला दारात पाहिलं. ती पुढे आली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग तिची नजर मागे उभ्या असलेल्या शेवंतीकडे गेली. शेजारणी बांगड्या भरायला हवं म्हणून बोलायला लागल्या तर ती म्हणाली, “आज नको.” पुढे पुष्कळ दिवस तिने हात मोकळेच ठेवले होते. नवरा जिवंत असलेल्या बाईने. कोकणातल्या माणसाला हे काय असतं ते सांगायला नको.

खळ्यात चारही घरं जमली. मला वाटलं होतं, आता रडारड होईल, वासूच्या नावाने अंघोळी होतील. पण परदेशात अजून अडकलेल्या दोघांच्या घरचे आबांना घेरून बसले होते. त्यांचं बोलणं ऐकून मला दुसऱ्यांदा धक्का बसला आणि तो पहिल्यापेक्षा कमी नव्हता. त्यांचं म्हणणं असं: कागदावर गंगाराम मेला आहे तर मेलेलाच राहू दे. विम्याची रक्कम येईल, ती पार्वती आणि शेवंती वाटून घेतील. गंगारामने गोव्याच्या बाजूला कुठेतरी काम बघावं. वासू आजारी होऊन परत आला, मुंबईला औषधाला गेला, असं सांगावं. आणि दोघांचे करार संपून ते घरी येईपर्यंत शेवंतीने कुंकू पुसू नये.

आबा म्हणाले, “चेडवा, तुझो घोव खंय परत येतलो नाय. पण ह्या दोघांच्या चुली तरी पेटत्या रवतीत.”

ते निर्दयपणे बोलत नव्हते, हे मला आज कळतं. तेव्हा मी उठून उभा राहिलो. मी बोलण्याआधी शेवंतीच बोलली.

“आबानू, पिंड कोणाक पडले?”

उत्तरही तिनेच दिलं.

“जित्या माणसाक पडले. मेल्या माणसाक अजून पाणी नाय. आणि तुमी माका सांगतास कुकू लावन बस.” ती गंगारामकडे वळली. “तेणी चौघांसाठी आपला नाव लपवल्यानी. मरापर्यंत लपवल्यानी. आणखी किती लपवचा?” मग ती मला म्हणाली, “शेटानू, कोण मेलो ता सरकारात कसा सांगतत?”

त्या रात्रीपासून वाडीच्या दृष्टीने मी खलनायक झालो. मीच तिला फूस लावली म्हणतात. मी तिला फक्त तिने विचारलं त्याचं उत्तर दिलं. खरं उघड झालं तर विम्याचं काही मिळणार नाही, तिलाही नाही आणि पार्वतीलाही नाही, आणि त्या दोघांचं काही खरं नाही, हेही मी तिला सर्वांसमोर सांगितलं. ती म्हणाली, “ठाऊक आसा.”

मी मुंबईला गेलो. कंपनीच्या व्यवस्थापकाने हकिगत ऐकली आणि टेलिफोन ओढला. पोलिसांना बोलावतो, म्हणाला. फसवणूक, खोटा पासपोर्ट, चौघेही आत जातील, तुम्हीसुद्धा.

“बोलवा,” मी म्हटलं. “मीही थांबतो. तुमच्या मुकादमाने एका माणसाच्या नंबरावर दुसरा माणूस वर्षभर कामाला लावला आणि ओळखला नाही. तुमच्या डॉक्टराने गंगारामला वासुदेव म्हणून तपासला, सही केली. तुम्ही जिवंत माणसाच्या घरी मरणाची तार केलीत. हे सगळं पोलिसांना सांगू, आणि तुमच्या विमेवाल्यालाही.”

मी उठून चपला घातल्या. यावेळी दारापर्यंत पोचलो, दार उघडलं, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो, तेव्हा त्याने हाक मारली. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत अवघड घासाघीस आणि तिच्यात मी जिंकलो असं मला कधी वाटलं नाही. पोलीस नाहीत. वासुदेवचा पगार मरणाच्या दिवसापर्यंत शेवंतीला. गंगारामवर खटला नाही. पण त्या दोघांना पुढच्या बोटीने घरी, आणि या गावचा माणूस पुन्हा नाही. विम्याचं अर्थातच काही नाही. आणि नोंद बदलायची तर मयताच्या बायकोने सरकारी अंमलदारापुढे शपथेवर सांगायला हवं की मेला तो कोण.

दोघे घरी आले ते मला शिव्या देतच. बरे होऊन आले, हातपाय धड आले, पण त्यांची नोकरी मी घालवली. त्यातला एक ‘गंगाराम’ होऊन हगवणीतून वाचला होता, आणि तो ज्या खाटेवर होता तिच्यासाठीच वासू थांबला होता. मी त्याला हे कधी बोलून दाखवलं नाही. माझ्यासारख्या तापट माणसाने ते दाखवलं नाही, याची कोणी नोंद घेतली नाही.

शपथेच्या दिवशी आम्ही मालवणच्या कचेरीत गेलो. शेवंती, आबा, गंगाराम आणि मी. आबा येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण ते पहाटेच तिच्या दारात येऊन बसले होते. मामलेदारांच्या पुढे कारकून बसला होता, चष्मा नाकाच्या टोकावर. दाराशी इतर कामांसाठी आलेली माणसं उभी होती. त्याने शपथ दिली आणि विचारलं, “मयताचं नाव?”

शेवंती गप्प.

त्या काळात आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव उच्चारत नसे. लग्नात, मंगळागौरीला उखाण्यात घेईल तेवढंच. एरवी ‘आमचे’, ‘ते’, ‘घरचे’. कचेरीत असा प्रसंग आला की बाईऐवजी घरचा कोणी पुरुष नाव सांगे आणि बाई मान हलवी. कारकुनालाही ते माहीत होतं. त्याने सवयीने आबांकडे पाहिलं. आबांचे ओठ हलले, पण आवाज निघेना. मी पुढे झालो, म्हटलं, आता आपणच सांगावं.

शेवंतीने मला हाताने मागे सारलं.

“वासुदेव,” ती म्हणाली.

कचेरीत एकाएकी शांत झालं. दाराशी बोलणारी माणसं थांबली. कारकुनाने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्याला बहुधा आपण नीट ऐकलं की नाही अशी शंका आली असावी. “काय म्हणालात?” त्याने विचारलं.

तिने पदर सावरला, मान वर केली, आणि परत सांगितलं, यावेळी मोठ्याने, त्याच्या बापाच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट, सावकाश, कारकुनाला एकेक अक्षर उतरवून घेता यावं इतकं सावकाश.